आंबा कधी येईल, हे कोणी सांगायचं?

देवगड तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र थोडं संक्षिप्त करून देत आहे.

"आमची आजेसासऱ्यांपासूनची हापूसची बाग आहे. माझे सासरे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, वाशीच्या दलालाच्या पट्टीवर विसंबून राहण्याला कंटाळले आणि मुंबई-पुण्यात थेट घरोघरी पेट्या पोचवू लागले. दादर, गिरगाव, पार्ले, डोंबिवली, कोथरूड. त्यांची एक लांबट वही आहे. कोणाला आंबा कच्चा हवा, कोणाची मुलगी मे महिन्यात परदेशातून येते, कोणाला मधुमेह निघाल्यापासून दोनच डझन पाठवायचे, सगळं तिच्यात. हंगामात अण्णांचा फोन पहाटेपासून वाजतो आणि रात्री अकरापर्यंत थांबत नाही. म्हणून गेल्या वर्षी ह्यांनी व्हॉट्सॲपवर एआय सहायक बसवून घेतला. उत्तरं झटपट जायला लागली, ऑर्डरी जवळपास दीडपट झाल्या. पण दोन गोष्टी फार लागल्या. दादरच्या एका जुन्या आजींनी लिहिलं, 'यंदा पेटी नको. हे फेब्रुवारीत गेले.' त्यांना लगेच उत्तर गेलं, 'कळवल्याबद्दल धन्यवाद! पुढच्या ऑर्डरवर 10 टक्के सूट मिळवा.' खाली अण्णांचं नाव. दुसरं म्हणजे, अक्षय्य तृतीयेला पेटी मिळेल का असं विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याने 'हो' सांगून टाकलं. आंबा तयार नव्हता. अण्णा आठवडाभर माफी मागत बसले. आता ते म्हणतात, ते बंद करा. हे म्हणतात, अण्णा सत्तरीला आले, त्यांच्यानंतर एवढ्या लोकांशी बोलणार कोण? घरात रोज हाच वाद. मी कोणाच्या बाजूने उभी राहू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाआधी मला एक विचारायचं आहे. दादरच्या आजींना फोन गेला का? पत्रात तसं कुठे लिहिलेलं नाही. गेला नसेल तर हे वाचून झाल्यावर अण्णांना तो करायला सांगा. तुम्ही नको, ह्यांनीही नको, अण्णांनीच करावा, कारण त्या उत्तराखाली नाव त्यांचं होतं. 'ते मशीनने पाठवलं' एवढं सांगून सुटायचं नाही. आजींनी दुःखाची गोष्ट अण्णांना कळवली होती आणि अण्णांनी ती ऐकली नाही, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलंय. फोनवर आंब्याचा विषय काढू नये. त्या गेलेल्या गृहस्थांबद्दल अण्णांना जे आठवतं ते बोलावं. इतक्या वर्षांच्या ओळखीत काही ना काही आठवणारच. भरपाई म्हणून घाईने पेटीही पाठवू नका. काही घरांत वर्षभर गोडधोड टाळतात. पेटी पाठवायचीच असेल तर बोलणं झाल्यावर, आणि त्यांनी हो म्हटलं तरच.

आता बाजू कोणाची घ्यायची ते.

तुमच्या यजमानांनी जो त्रास पाहिला तो खरा आहे. सत्तरीच्या माणसाने आंबा उतरवायच्या वेळी कलमाखाली उभं राहून 'पैसे आले का बघा', 'गाडी कुठे पोचली', 'पाच डझनी पेटीचा दर काय' असल्या निरोपांना उत्तरं देत बसावं, हे चूकच आहे. या प्रश्नांची उत्तरं एकेकच असतात आणि ती आधीच ठरलेली असतात. दर ठरलेला, पेटीतली फळं ठरलेली, गाडी कोथरूडला कोणत्या वारी जाते ते ठरलेलं. आंबा पिकायला ठेवायचा कसा, पिकण्याआधी फ्रिजमध्ये का ठेवायचा नाही, साल किंचित सुरकुतली आणि वास सुटला की कापायचा, हेही अण्णा दर हंगामात त्याच शब्दांत शेकडो वेळा सांगत असणार. हे सगळं मशीनला खुशाल देऊन टाका. एकाही गिऱ्हाइकाला वाईट वाटणार नाही. उलट रात्री साडेअकराला उत्तर मिळालं तर बरंच वाटेल.

पण तृतीयेचा आंबा हा वेगळा प्रश्न होता, आणि गेल्या वर्षीची सगळी गफलत तिथे आहे. विचारणाऱ्याला माहिती नको होती, त्याला शब्द हवा होता. मोहोर एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येतो. एकाच कलमावर पुढचं-मागचं फळ असतं. मोहोरापासून आंबा तयार व्हायला साधारण चार महिने लागतात. मध्येच अवकाळी पाऊस झाला, तुडतुडा किंवा फुलकिडे पडले, नाहीतर कातळावर ऊन एकदम चढलं, की सगळे अंदाज मागेपुढे होतात. फळ चौदा आणे, म्हणजे उतरवण्याइतकं तयार, झालं की नाही, हे अण्णा खांद्याचा भराव आणि देठाजवळचा खळगा बघून ओळखतात. यातलं काहीही त्या सहायकाला माहीत नव्हतं. त्याच्यासमोर होता फक्त मजकूर: दरपत्रक, जुने निरोप आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न. अशी प्रणाली समोरच्या मजकुराला शोभेलसं उत्तर जुळवते. सणाच्या तोंडावर 'मिळेल ना?' असं विचारलं की 'हो, नक्की' हे शोभून दिसतं. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. बागेत काय चाललंय हे त्याला कळायची सोयच नव्हती, आणि तरीही त्याला होकार द्यायची मुभा होती. ती मुभा घरातून दिली गेली होती.

असं झालं की निस्तरावं कोणाला लागतं, याचा एक निकाल सांगण्याजोगा आहे. कॅनडातल्या एका प्रवाशाची आजी 2022 मध्ये वारली. घरात मृत्यू झाल्यास एअर कॅनडा काही प्रवाशांना तिकिटात सवलत देत असे. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने त्याला सांगितलं की आत्ता पूर्ण दराने तिकीट काढा, 90 दिवसांत अर्ज करा, सवलत मिळेल. प्रत्यक्षात प्रवास झाल्यावर अशी सवलत मागता येत नव्हती. वाद ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणापुढे गेला. तिथे कंपनीने हेही म्हणून पाहिलं की चॅटबॉट ही वेगळी गोष्ट आहे आणि त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधिकरणाने हे साफ फेटाळलं आणि कंपनीला फरकाची रक्कम भरून द्यायला लावली. विमान कंपनीचा तिथे पैसा गेला. तुमच्याकडे अण्णांचा आठवडा गेला, आणि त्यांचा शब्द गेला.

म्हणून तारखेच्या बाबतीत मी एक सोपी व्यवस्था सुचवते. हंगामात रोज संध्याकाळी, उतरवलेला आंबा पाहून झाल्यावर, अण्णांनी किंवा ह्यांनी एक आकडा लिहायचा: अमुक वारी इतक्या पेट्या निघतील. मशीनने तेवढ्याच पेट्यांचं सांगायचं. आकडा संपला की त्याने एकच वाक्य बोलायचं, 'पुढचा आंबा बागेतून पाहून उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो.' आणि ते कळवणारा माणूस असला पाहिजे. गिऱ्हाईक एक दिवस थांबतं. तुमची माणसं वर्षभर थांबलेली असतात.

तक्रारींबद्दल मी याहून कडक आहे. एकही तक्रार मशीनकडे जाऊ देऊ नका. साक्याचंच घ्या. वरून फळ देखणं, रंग उत्तम, वास उत्तम, आणि कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस गर. पेटी भरणाऱ्याला तो बाहेरून दिसत नाही, म्हणजे यात कोणाची लबाडी नसते. हे गिऱ्हाइकाला ठाऊक असेलच असं नाही. पाहुणे जेवायला बसलेत आणि हातातला आंबा असा निघाला, या क्षणी तो चिडलेला असतो. मशीन त्याला ऑर्डर क्रमांक मागेल, फोटो मागेल, ठरलेल्या टक्क्यांची भरपाई देऊ करेल. रक्कम बरोबरही असेल. अण्णा मात्र विचारतील की पेटीत असे किती निघाले, फळं मोठी होती की मध्यम, किती दिवस ठेवली होती. आणि ती पेटी कोणत्या भागातल्या कलमांची होती ते वहीत बघतील. तापलेल्या जमिनीची झळ आणि जास्त तयार होऊ दिलेलं फळ, ही साक्याची कारणं बागायतदारांना माहीत आहेत. त्या कोपऱ्यात पुढच्या वर्षी आंबा थोडा लवकर उतरवायचा, कलमाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन घालायचं, हे अशाच तक्रारींतून ठरतं. तक्रार भरपाई देऊन मिटवली की गिऱ्हाईक गप्प होईल, पण बाग काही शिकणार नाही. शिवाय अण्णा पुढच्या पेटीत आठवणीने दोन फळं जास्त घालतात, आणि त्या घरात ती गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. तो माणूस तुमच्याकडे परत येतो तो या दोन फळांमुळे.

मोठ्या कंपन्यांनाही हे शिकायला वेळ लागला. स्वीडनच्या क्लार्ना या वित्त कंपनीने 2024 च्या सुरुवातीला जाहीर केलं होतं की त्यांचा एआय सहायक 700 माणसांचं काम करतो. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रमुखांनी खर्च वाचवण्याच्या नादात दर्जा घसरल्याचं मान्य केलं. ज्याला हवं त्याला माणसाशी बोलता यावं म्हणून पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात झाली. मशीन त्यांनी काढून टाकलेलं नाही, आणि तुम्हीही काढावं असं मला वाटत नाही.

तुमच्या यजमानांसाठी एक तांत्रिक गोष्ट. ज्यांनी हे बसवून दिलं ते बहुधा म्हणतील की 'गेले', 'वारले', 'आजारी', 'खराब' असे शब्द आले की मशीन थांबेल अशी सोय करून देतो. ती पुरणार नाही. आपल्याकडे दुःख सरळ कोणी लिहीत नाही. 'आता घरात आंबा खाणारं कोणी राहिलं नाही' असं लिहितात. कुठल्या यादीत हे बसवणार? म्हणून उलट करा. कोणत्या प्रश्नांना उत्तर द्यायचं त्याची छोटी यादी मशीनला द्या: दर, वजन, गाडीचा वार, पैसे पोचल्याची पावती, पेटी कुठवर आली, आंबा कसा ठेवायचा. निरोप यांत स्पष्ट बसत नसेल तर मशीनने गप्प राहायचं आणि तो तुमच्या फोनवर यायचा. सुरुवातीला तुमचं काम थोडं वाढेल, ते वाढू द्या. माणसाशी बोलायचा सरळ मार्ग ठेवणं हा व्हॉट्सॲपच्या व्यवसायांसाठीच्या धोरणाचाही भाग आहे, त्यामुळे बसवून देणाऱ्याला हे सांगताना संकोच नको.

आणि मशीनच्या निरोपाखालचं अण्णांचं नाव आजच काढा. 'हे स्वयंचलित उत्तर आहे, अण्णांशी बोलायचं असल्यास अण्णा असं लिहा' एवढं स्पष्ट असू द्या. लोक यंत्राकडून यंत्राइतकीच अपेक्षा ठेवतात आणि त्याची चूक सोडूनही देतात. अण्णांच्या नावाने झालेली चूक सोडत नाहीत.

यंत्र विश्वासाच्या आड येतंच असं नाही, हे अण्णांना तुमच्याच तालुक्यातल्या उदाहरणाने सांगता येईल. हापूसला भौगोलिक मानांकन 2018 मध्ये मिळालं, तरी बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकणं थांबलं नाही. मग देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर आणलं. त्यावरून आंबा खरा देवगडचा की नाही हे गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर तपासता येतं. इतक्या फळांची खात्री फोनवरून देणं कोणाही माणसाला जमलं नसतं. अण्णांना त्याचा राग येणार नाही, कारण तिथे यंत्र त्यांच्या वतीने बोलत नाही, त्यांच्या आंब्याची ओळख पटवतं.

आता मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. मशीनने अण्णांचे दिवसातले जे काही तास वाचवले, ते गेले कुठे? तुमच्या पत्रावरून वाटतं की ते आणखी ऑर्डरी भरण्यात गेले. तसं असेल तर एवढं सगळं करून अण्णांच्या वाट्याला काहीच आलं नाही. त्या वेळातला थोडा तरी ठरवून राखून ठेवा. संध्याकाळी तासभर अण्णा ओटीवर बसतील आणि वही उघडून चार-सहा घरी फोन करतील. पेटी पोचली का, आंबा लागला का, नातवाची परीक्षा झाली का. विकण्यासाठी एकही फोन नाही. दीडपट ऑर्डरी ही आनंदाची गोष्ट आहे, पण ह्यांना म्हणावं, वहीतली जुनी घरं मोजा. त्यांतली किती गेल्या वर्षी परत आली, किती आली नाहीत? नवं गिऱ्हाईक दर बघून येतं आणि दर बघूनच जातं. जुनी घरं कमी झाली असतील तर दीडपट हा आकडा फार दिवस टिकायचा नाही, आणि हे त्यांना वादाशिवाय, कागदावर दिसेल.

वही मशीनला वाचायला देऊ नका. नाव, पत्ता, पेटी केवढी, एवढं पुरे. कोणाला मधुमेह झाला, कोणाची मुलगी कधी येते, हे लोकांनी अण्णांना सांगितलंय, एखाद्या कंपनीच्या सर्व्हरला नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी, आणि संमतीने.

पण वही एकट्या अण्णांकडेही राहू नये. 'त्यांच्यानंतर बोलणार कोण?' हा तुमच्या यजमानांचा प्रश्न घरात सगळ्यांनी वादातला मुद्दा म्हणून ऐकलाय, मला तो काळजीचा वाटतो. त्याचं उत्तर तुमच्या पत्रात मला दिसलं. कोणाला कच्चा आंबा लागतो, कोणासाठी दोनच डझन, हे तुम्ही स्वतः लिहिलंत. तुम्हाला ही घरं माहीत आहेत. या हंगामात संध्याकाळच्या फोनला अण्णांच्या शेजारी बसा. पहिली दोन वाक्यं त्यांनी बोलावीत, मग 'ही आमची सूनबाई, हिच्याशी बोला' म्हणून फोन तुमच्या हातात द्यावा. दोन-तीन हंगामांत लोक तुमच्या आवाजाला ओळखतील. तुम्हाला यात रस नसेल, किंवा मुलं-घर-बाग यांत तुमचा जीव आधीच मेटाकुटीला आला असेल, तर तसं स्पष्ट सांगा. न विचारता हे काम सुनेवर टाकणं मला मान्य नाही. पण तुम्ही ते कराल तर हिशेबात आणि निर्णयात तुमचं नाव असायला हवं, आणि ते आधी ठरवून घ्या.

सगळ्यांनाच फोन हवा असतो असंही नाही. गिरगावच्या काकांना बोलायचं असतं, त्यांच्या नोकरी करणाऱ्या सुनेला दुपारी आलेला फोन नकोसा होतो. तिला निरोपच बरा. प्रत्येक घराला एकदा विचारा, फोन आवडेल की निरोप, आणि वहीत नावापुढे तशी खूण करा.

महागडी प्रणाली पुढच्या हंगामासाठी लगेच पुन्हा घ्यायची गरज मला दिसत नाही. व्हॉट्सॲपच्या बिझनेस ॲपमध्ये तयार उत्तरं, दरपत्रक, गिऱ्हाइकांना लेबल लावायची सोय फुकट मिळते. त्यावर भागतं का बघा, मग पैसे घाला.

हे बोलणं मार्चमध्ये काढू नका. हंगामात कोणाचंच डोकं जागेवर नसतं. आत्ता, मोहोर धरायच्या आधी, तिघांनी बसा. समोर गेल्या वर्षीचे निरोप घ्या, पन्नासेक पुरे, आणि एकेक वाचून अण्णांनाच ठरवू द्या की हा मशीनला, हा मला. ह्यांनी त्या वेळी फक्त लिहून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही. अण्णा बरेच निरोप मशीनच्या बाजूला टाकतील असा माझा अंदाज आहे.